प्लॉट तुमचा, पण खांब कोणाच्या जागेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेहून पंढरपूरकडे जाताना, महापालिकेची हद्द संपल्यावर, महामार्गाला लागून तुमची तीस गुंठे जमीन आहे. तिथे तुम्ही प्लॉट पाडले. साइटवर मोठा बोर्ड लावला, महामार्गाच्या कडेला वळणाच्या अलीकडे दुसरा, आणि मिरज शहरात विजेच्या खांबांवर, झाडांवर बाणाच्या पंचवीस-तीस पाट्या. आठवड्याभरात शहरातल्या पाट्या गायब झाल्या आणि महापालिकेची नोटीस आली. महामार्गाकडेचा बोर्ड सांगाड्यासकट उचलला गेला, त्याची तर नोटीसही नाही. साइटवरचा मात्र जागच्या जागी आहे. "बोर्ड सगळे एकाच प्लॉटिंगचे, मग हा दुजाभाव का, आणि परवानगी नेमकी कोणाची घ्यायची होती?" असं तुम्ही विचारलंय. शिवाय साताऱ्यात तुमच्या मेहुण्यांना असंच काम सुरू करायचंय.

मी सांगलीत लेआउटच्या आणि जाहिरात परवान्यांच्या फायली करतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात समोर येतो. दुजाभाव झालेला नाही. तुमचे बोर्ड तीन वेगवेगळ्या मालकांच्या जागेत उभे होते. बोर्डावर काय लिहिलंय हा प्रश्न नंतरचा. खांब ज्या जमिनीत रोवलाय ती कोणाची, हा पहिला.

साइटवरच्या बोर्डापासून सुरू करतो, कारण त्याबाबत बाजारात दोन्ही टोकांचे गैरसमज आहेत. महापालिकेच्या हद्दीत जाहिरातीला आयुक्तांची लेखी परवानगी लागते, हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 245 मध्ये आहे. पण त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादात, सूट आहे. जाहिरात ज्या जमिनीवर किंवा इमारतीवर लावलीय, तिच्याच विक्रीची किंवा भाड्याने देण्याची असेल, तर या कलमाखाली परवानगी लागत नाही. अट एवढीच की ती प्रकाशित नसावी आणि आकाशचिन्ह नसावी. म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेत तुमच्या बंगल्याच्या कंपाउंडच्या आत "बंगला विकणे आहे" अशी पाटी लावली आणि खाली फोन नंबर दिला, तर त्यासाठी जाहिरात परवान्याच्या टेबलावर जायची गरज नाही. तुम्हाला कोणी पैसे मागितले तर हे परंतुक दाखवा.

आता या सुटीतून माणूस कुठे घसरतो ते बघा. बोर्डाला फोकस लावले की ती प्रकाशित जाहिरात झाली आणि सूट गेली. बोर्ड गच्चीवर सांगाडा उभारून, रस्त्यावरून बघताना मागे आकाश दिसेल असा चढवला की ते आकाशचिन्ह. त्याला कलम 244 लागतं आणि परवानगी घ्यावीच लागते. आणि बोर्ड तुमच्या जागेत, पण जाहिरात तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या प्लॉटिंगची असेल, तर "त्याच जमिनीची विक्री" हा मुद्दाच उरत नाही. स्वतःच्या दुकानावर भावाच्या प्लॉटिंगचा फ्लेक्स लावणारे इथेच अडकतात. कंपाउंडच्या आत उभा असलेला बोर्ड फुटपाथवर झुकलेला असला तर तेवढा भाग रस्त्यावरचा धरला जातो. कलम 229 आणि 231 खाली रस्त्यावरचा अडथळा आयुक्त विनानोटीस काढू शकतात. लोक "नोटीस का दिली नाही" म्हणून भांडायला येतात, पण तिथे नोटिशीची सक्तीच नाही.

तुमची साइट महापालिकेच्या बाहेर आहे, म्हणून कलम 245 तुम्हाला थेट लागत नाही. तिथे ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 53 खाली सार्वजनिक रस्त्यावरचं आणि मोकळ्या जागेतलं अतिक्रमण हटवायचा अधिकार पंचायतीकडे आहे. तुमचा बोर्ड तुमच्या गटात आहे, गावरस्त्यावर नाही, म्हणून तो राहिला. तरीही ग्रामसेवकाकडे एक अर्ज देऊन पोचपावती घेऊन ठेवा. मोठा लोखंडी सांगाडा असेल तर पंचायतीचं ना-हरकत पत्र घेणं शहाणपणाचं. उद्या सरपंच बदलले तरी कागद राहतो.

महामार्गाकडेच्या बोर्डाबाबत तुम्ही लिहिलंय, "शेताच्या बांधावरच होता, मालकाची तोंडी संमती होती." इथेच खरी गोम आहे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग, म्हणजे क्रमांक 166, रुंद होताना मिरज आणि कवठेमहांकाळ तालुक्यांत भरपूर जमीन संपादित झाली. शेतकऱ्याला मोबदला मिळाला, कमी-जास्त पत्रक (कजाप, म्हणजे क्षेत्रातला बदल नोंदवणारा कागद) झालं, सातबाऱ्यावरचं क्षेत्र घटलं. पण बांध कित्येक ठिकाणी जुन्या जागीच दिसतो, आणि रस्त्याची हद्द डांबराच्या कडेपासून बरीच आत असते. मालक मनापासून "माझीच जागा" म्हणतो, आणि ती दोन-चार वर्षांपूर्वीच सरकारजमा झालेली असते. म्हणून तोंडी संमतीवर कधीही खड्डा खणू नका. चालू सातबारा काढा, त्यावर कजापची नोंद आहे का ते बघा, आणि महामार्गाच्या हद्दीचे दगड प्रत्यक्ष शोधा. दगड सापडले नाहीत तर महामार्ग विभागाच्या कार्यालयात भूसंपादनाचा नकाशा बघायला मागा. अर्धा दिवस जातो, पण सांगाड्याचा खर्च वाचतो.

राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीला 2002 चा महामार्ग जमीन आणि वाहतूक नियंत्रण कायदा लागतो. यंत्र न वापरता सहज काढता येईल असं अतिक्रमण विनानोटीस हटवायची मुभा या कायद्याच्या कलम 26 मध्ये आहे. दोन पाइपांवर उभा केलेला फ्लेक्स त्यात चपखल बसतो. तुमचा बोर्ड न विचारता गेला तो यामुळे.

बोर्ड हद्दीच्या बाहेर, खासगी शेतात नेला तरी सगळं मोकळं होत नाही. रस्त्याकडेच्या जाहिरातींसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे मानक ठरवणाऱ्या संस्थेचं 46 क्रमांकाचं धोरण आहे आणि रस्ते खाती ना-हरकत देताना ते समोर ठेवतात. चौक, पूल किंवा क्रॉसिंगपासून 100 मीटरच्या आत जाहिरात नको. शहरी भागात हे अंतर 50 मीटरपर्यंत खाली आणता येतं. वाहनं धावतात त्या पट्ट्याच्या कडेपासून 10 मीटरच्या आत नको. वाहतुकीच्या अधिकृत चिन्हापासून 50 मीटरच्या आत नको. रस्त्यावर आडवं कापड किंवा फ्लेक्स टांगणं तर अजिबात नको. तुम्ही वळणाच्या अलीकडे जागा निवडली, कारण तिथे गाडीचा वेग कमी होतो आणि बोर्ड वाचला जातो. तुमचा हिशेब बरोबर होता, पण नियम नेमका त्याच कारणासाठी आहे: तिथे चालकाने रस्ता बघावा, तुमचे दर नाहीत. शिवाय वाहतुकीचं चिन्ह झाकणारा किंवा त्याच्यासारखा दिसणारा फलक काढायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 मध्ये आहे. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरात "साइट 500 मीटर" आणि बाण, अशी महामार्गाची नक्कल करायची हल्ली फॅशन आलीय. ती पहिली उचलली जाते.

पेठ नाका ते सांगली, किंवा कऱ्हाड-विटा-जत, हेही आता राष्ट्रीय महामार्गच आहेत, हे बऱ्याच एजंटांच्या डोक्यात अजून बसलेलं नाही. जुन्या सवयीने ते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाकडे अर्ज देतात आणि तो अर्ज दोन महिने फिरत राहतो. अर्ज टाकण्याआधी रस्त्याचा दर्जा विचारून घ्या. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम, आतले रस्ते जिल्हा परिषदेचे.

शहरातल्या पाट्यांबद्दल स्पष्टच बोलतो. बाणाच्या पाट्यांना कायदेशीर वाट जवळपास नाहीच. विजेचा खांब महावितरणचा, पथदिव्याचा खांब महापालिकेचा, झाड महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या अखत्यारीत. या तिघांपैकी कोणीही तुम्हाला खिळे ठोकायला परवानगी देणार नाही. नोटिशीत बहुधा महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम 1995 च्या कलम 3 चा उल्लेख असेल. लोकांच्या नजरेस पडणारी जागा स्थानिक संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय विद्रूप केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार ऐकून लोक हसतात. हसू नका, कारण तो फौजदारी गुन्हा आहे आणि गुन्हा दाखल झाला की तारखांना जावं लागतं. "पाट्या फ्लेक्सवाल्या पोरांनी लावल्या, मला माहीत नाही" हाही बचाव सहज चालत नाही. ज्याच्या फायद्यासाठी पाटी लागली त्यालाही हा कायदा दोषी धरतो. माहिती किंवा संमती नव्हती हे त्याने सिद्ध करायचं, आणि पाटीवर फोन नंबर तर तुमचाच आहे.

या सगळ्या कडकपणाचं मूळ आपल्याच भागात आहे. सुस्वराज्य फाउंडेशन, सातारा या संस्थेने जिल्हाधिकारी, सातारा यांच्याविरुद्ध 2011 साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली, क्रमांक 155. तीच पुढे राज्यभरातल्या बेकायदा फलकांची याचिका झाली. 31 जानेवारी 2017 ला न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि राज्यातल्या महापालिका-नगरपालिकांना बेकायदा फलक हटवणं, त्यासाठी अधिकारी नेमणं, तक्रारीची सोय ठेवणं अशा सूचना दिल्या. त्यानंतरही फलक हटत नाहीत म्हणून अवमानाची प्रकरणं सुरू राहिली. आता न्यायालयात प्रतिज्ञापत्र द्यायची वेळ जवळ आली की आयुक्त मोहीम काढतात. त्या मोहिमेत नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मागे राहतात आणि प्लॉटवाल्यांच्या पाट्या ट्रॉलीत पडतात, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण दुसऱ्याचा फ्लेक्स राहिला म्हणून तुमची पाटी कायदेशीर होत नाही, आणि नोटिशीच्या उत्तरात तो मुद्दा लिहून काहीच हाती लागत नाही.

मग शहरात जाहिरात करायची कशी? परवाना असलेल्या होर्डिंगवर जागा भाड्याने घ्यायची. महापालिकांच्या जाहिरात फलकांसाठी 2022 चे राज्याचे नियम आहेत. होर्डिंग उभारणाऱ्या एजन्सीने जागेच्या मालकाचं संमतीपत्र, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जागेचा नकाशा आणि फोटो, संरचना अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र, गरजेप्रमाणे वाहतूक पोलिसांचं ना-हरकत हे सगळं जोडून परवाना घेतलेला असतो. तुमचं काम एवढंच: पैसे देण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि त्यावरची मुदत, माप आणि जागा होर्डिंगशी जुळते का ते बघा. परवाना क्रमांक आणि मुदत फलकावरही असली पाहिजे. संपलेल्या मुदतीचं होर्डिंग एका एजन्सीने माझ्या एका ग्राहकाच्या गळ्यात मारलं होतं. आठ दिवसांत फ्लेक्स उतरला आणि पैसे परत मिळवायला वर्ष गेलं. जाहिरात कर 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा करात विरला, पण परवाना शुल्क आणि जागेचं भुईभाडं स्थानिक संस्था घेतातच. त्यामुळे "आता करच नाही, परवानगी कशाला" या बोलण्यावर विसंबू नका.

स्थैर्य प्रमाणपत्राचं महत्त्व 13 मे 2024 नंतर वेगळं सांगावं लागत नाही. घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि 17 माणसं गेली. आपल्याकडे वळवाचं वारं कसं येतं ते तुम्हाला ठाऊक आहे: चार वाजता ऊन आणि साडेचारला पत्रे उडतात. साइटवरचा तुमचा बोर्ड परवानगीतून सुटला असला तरी तो कोणाच्या अंगावर पडला तर जबाबदारी सुटत नाही. त्याच्या पायात काँक्रीट किती खोल आहे ते एकदा बघून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये मोठा फ्लेक्स उतरवून फक्त छोटी पत्र्याची पाटी ठेवा. फ्लेक्स छापताना जाडीही विचारा. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे.

आता तुम्ही न विचारलेलं, पण तुमच्यासाठी सगळ्यात महागात जाऊ शकणारं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बोर्डावर "कलेक्टर एनए प्लॉट, बुकिंग सुरू" असं आहे, आणि महारेराचा, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक दिसत नाही. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचा प्रकल्प असेल तर नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. पाच गुंठे म्हणजे साधारण 506 चौरस मीटर. तुमचे तीस गुंठे तीन हजारांच्या वर जातात. नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री केली तर दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महापालिकेच्या दोन हजारांशी याची तुलनाच नको. "बुकिंग सुरू", "लवकरच येत आहे", व्हॉट्सअॅपवर फिरणारं पत्रक हे सगळं कायद्याच्या व्याख्येत जाहिरातच आहे. नोंदणी झाली असेल तर क्रमांक, महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि, 1 ऑगस्ट 2023 पासून, क्यूआर कोड जाहिरातीत हवा. एप्रिल 2025 च्या आदेशानुसार हे वरच्या उजव्या भागात आणि संपर्काच्या मजकुरापेक्षा लहान नसलेल्या अक्षरात द्यायचं आहे. कोपऱ्यात मुंगीएवढा क्रमांक टाकायची जुनी युक्ती आता चालणार नाही. कसूर केल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. तुम्ही नोंदणी केली नसेल तर साइटवरचा तो शाबूत राहिलेला बोर्ड आजच झाका.

एकच प्लॉट असलेला, स्वतःसाठी घेतलेला आणि आता विकणारा माणूस यात येत नाही. त्याने आपल्या प्लॉटवर पाटी लावावी, निवांत राहावं.

मजकुराबद्दल अजून एक. सांगलीत 2019 च्या महापुरानंतर "पुराच्या पाण्यापासून सुरक्षित" हे वाक्य बोर्डावर यायला लागलं. तसं लिहायचं असेल तर पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा हातात ठेवूनच लिहा. रेरा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. हेच "बसस्टँडपासून पाच मिनिटं" आणि "नियोजित रिंगरोड लगत" यांनाही लागू. पूर पाहिलेल्या हरिपूर किंवा शामरावनगरच्या माणसाला पाण्याबद्दल खोटं सांगणं तसंही अवघड आहे.

साताऱ्याच्या मेहुण्यांना सांगा की तिथे महापालिका नाही, नगरपालिका आहे. म्हणजे 1965 चा नगरपरिषद अधिनियम आणि अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे. कलम 245 ची सूट तिथे जशीच्या तशी दाखवता येणार नाही, त्यामुळे साइटवरच्या बोर्डासाठीही अर्ज करून टाकणं बरं. विद्रूपणाचा कायदा, रेरा आणि रस्त्यांचे नियम मात्र तेच. आणखी एक खाचखळगा: 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग पालिकेत आले. जुन्या ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीवर तिथे आजही बोर्ड उभे आहेत आणि त्या कागदाला आता अर्थ नाही. वाढे फाटा किंवा खिंडवाडीच्या बाजूला महामार्ग क्रमांक 48 आणि त्याच्या सेवा रस्त्याची हद्द आहे. तिथे पालिकेकडून परवानगी आणली तरी महामार्गाची वेगळी लागते. कास रस्त्याला फार्महाउस प्लॉटचे बोर्ड लावायचा विचार असेल तर आधी त्या जमिनीवर काय बांधता येतं ते नगररचना कार्यालयात लेखी विचारा. बोर्डाचा प्रश्न त्यानंतर.

राहिलं नोटिशीचं उत्तर. ते मुदतीत आणि छोटं द्या. पाट्या कोणाच्या होत्या यावर वाद घालू नका; उरलेल्या पाट्या स्वखर्चाने काढल्या असं लिहा, काढल्याचे तारखेसह फोटो जोडा, आणि झाडांवर खिळे राहिले असतील तर तेही उपसून घ्या, कारण त्याची तक्रार वेगळी होते. पाट्या काढायचा खर्च मागितला असेल तर हिशेब मागून भरा आणि पावती फायलीत लावा. आवक शिक्का घेतल्याशिवाय उत्तर देऊन येऊ नका. महामार्गाने नेलेला सांगाडा परत हवा असेल तर त्यांच्या कार्यालयात वेगळा अर्ज लागेल, सोबत लोखंड घेतल्याचं बिल. बिल नसेल तर तो नाद सोडा.